शनीच्या सुभेदाराची गच्छंती

हिंदी मुलखातल्या आमच्या मल्हारगंजात मराठी वाचनालयाचं एक हस्तलिखित मासिक होतं. एकच प्रत, घरोघरी फिरायची. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि त्यात अंतराळातली एक कादंबरी क्रमशः लिहायचे. तिच्यात शनीच्या एका चंद्रावर एक सुभेदार होता. हवेच्या नळांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. त्याच्या मर्जीशिवाय तिथे कुणाला श्वास घेता यायचा नाही. समोरचा बोलत असला की हा घड्याळाकडे बघायचा.

हा सुभेदार मी कुठून उचलला हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. समोरच्या घरात कापड मिलचे लेबर ऑफिसर राहत. माझे बाबा त्याच मिलमध्ये मागांवर होते. एकदा दोन मिनिटं उशीर झाला म्हणून साहेबांनी त्यांना फाटकावरून परत पाठवलं होतं. त्याचा राग मी शाईने काढत होते.

मग मिल बंद पडली. बाबा एका ओळखीच्या दुकानात शिलाई मशिनी दुरुस्त करू लागले. साहेबांची जीप गेली, शिपाई गेला. तरी ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहायचे. खालून जाणारे वर बघेनासे झाले.

माझ्या कादंबरीत तेव्हा सुभेदाराच्या पाडावाचं प्रकरण आलं होतं. बंड, स्फोट, सुभेदार अंतराळात भिरकावला जातो, असं सगळं ठरलेलं; मागच्या अंकात तसं सांगूनही टाकलेलं. आणि एका रविवारी सकाळी साहेब आमच्या दारात. हातात मासिक.

बाबा ताडकन उठले. साहेब खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "सुभेदार मीच ना?"

मी बाबांकडे बघितलं.

"साहेब, पोरगी आहे, कायपण लिहिते," बाबा म्हणाले.

"चांगलं लिहिते. फक्त बेटा, त्याला स्फोटात उडवू नकोस. कुणी एवढी मेहनत घेत नाही."

"मग काय होतं?" मी विचारलं.

"फोन वाजायचा थांबतो. मग एक दिवस आपण झोकात सही करतो, आणि लक्षात येतं, हा कागद कुठं जाणारच नाहीये."

बाबांना एकदम हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"हसा भिया, हसा," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. मग खाली बघत बाबांना म्हणाले, "त्या दिवशी तुमचं घड्याळ बरोबर होतं. फाटकावरचं पुढे होतं. मला माहीत होतं."

बाबा त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. मग म्हणाले, "चहा टाक गं. आणि पोहे पण."

मी प्रकरण पुन्हा लिहिलं. दुसऱ्या ग्रहावरचे व्यापारी रंगीत बाटल्यांतून हवा विकायला येतात. लोक आपापली बाटली घेतात, आणि सुभेदाराकडे कुणी फिरकतच नाही. बिचारा नुसता किल्ल्या वाजवत फिरतो.

वाचनालयाच्या स्नेहसंमेलनात ते प्रकरण साहेबांनीच वाचलं. कमरेला घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. समोर मिलची माणसं. पहिल्या वाक्याला कुणी हसेना, सगळे एकमेकांकडे बघू लागले. साहेबांनी चालून दाखवलं, जुडगा खुळखुळला, आणि मागून आवाज आला, "क्या बात है, साहेब!" मग हॉल आवरेना. एका म्हाताऱ्या कामगाराने तर तेवढं चालणं परत करून दाखवायला लावलं.

त्यानंतर तोच म्हातारा आपल्या थकलेल्या पगाराचा अर्ज लिहून घ्यायला साहेबांकडे गेला. मिलचे सगळे कायदे साहेबांना तोंडपाठ होते. बघता बघता वाचनालयाच्या ओट्यावर सकाळी साहेबांभोवती गर्दी व्हायला लागली. बाबा दुकानात जाण्याआधी तिथे थांबायचे आणि माणसांना ओळीने बसवायचे. दोघांचं रोज एकदा तरी वाजायचं.

"साहेब, 'निवेदन' लिहा. नम्रपणे."

"निवेदन नहीं भिया, 'मांग' लिखेंगे. हक्काची मागणी आहे ही," साहेब म्हणायचे आणि शब्दाखाली ठळक रेघ ओढायचे.