शिवरामभाऊंचं चांद्रयान

बुवापाड्यात शिवरामभाऊंना न घाबरणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची बायको, रखमावहिनी. बाकी आम्ही सगळे घाबरून असायचो, आणि एप्रिल उजाडला की जरा जास्तच. कारण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या मंडळाचा चित्ररथ निघायचा आणि तो पूर्णपणे भाऊंच्या ताब्यात असायचा.

भाऊ कारखान्यात फिटर. पँटच्या मागच्या खिशात मोजपट्टी कायम. दरवर्षी ट्रकवर जिवंत देखावा असे, म्हणजे खरी माणसं वेष करून पुतळ्यासारखी उभी राहत. भाऊंचा नियम सगळ्यांना पाठ होता.

"ट्रकवर चढलास की तू माणूस नाहीस, चित्र आहेस. चित्र बोलत नाही, चित्र हलत नाही, चित्र खाजवत नाही. मी 'सुटा' म्हणेपर्यंत!"

एके वर्षी आमच्या धर्मराजच्या डोक्यावर कावळा येऊन बसला. धर्मराज हलला नाही. भाऊ अजून त्याची ओळख करून देताना "हा कावळेवाला" असं म्हणतात, आणि तेही कौतुकानं.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये चांद्रयान उडालं आणि पुढच्या जयंतीचा विषय ठरला. रॉकेट, चंद्र, आणि चंद्रावर पाऊल ठेवणारी बुवापाड्याची दोन पोरं. त्यातली एक मुलगी असावी हे रखमावहिनींनी ठरवलं, आणि ती आपलीच लेक अस्मिता असावी हेही त्यांनीच. दुसरा अंतराळवीर भाऊंचा पुतण्या मुकेश. तो चंद्रावर उभा राहून हात पुढे करणार, अस्मिता रॉकेटच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवरून तो हात धरणार, आणि दोघं तसेच चौकापर्यंत जाणार.

पोशाखासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. रिक्षाच्या सीटला लावतात ते चंदेरी रेक्झिन घेतलं. दुकानदार सिंधी, फार उत्साही.

"साईं, सच्ची में उडेगा क्या?"

"उडेगा साईं," धर्मराज म्हणाला, "चौक तक उडेगा!"

शिवायला दिलं ते जीन्स शिवणाऱ्या कारागिराकडे. त्यानं काम चोख केलं, फक्त हाताची सवय जाईना. दोन्ही अंतराळवीरांना मागे दोन-दोन खिसे आले आणि खिशांवर दोरा-नक्षीही आली. हेल्मेट म्हणून पाण्याचे मोठे पारदर्शक जार कापले. आत तोंड घातलं की आवाज असा घुमायचा की पोरं रोज रांगा लावून जारमध्ये आपलंच नाव ओरडून जायची.

राहिले तारे. ते राजरत्नकडे होते. राजरत्न बदलापूरचा, डेकोरेटरकडे दिव्यांच्या माळांचं काम करणारा, उंच, सडपातळ, लाजाळू मुलगा. त्याचं आणि अस्मिताचं जमलंय हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त भाऊंना. त्यांना जावई हवा होता पर्मनंट नोकरीवाला, आणि तसा एक बँकेतला मुलगा जयंतीनंतरच्या रविवारी अस्मिताला बघायला येणार होता. राजरत्न भाऊंशी बोलायला म्हणून तीन वेळा घरी आला. तिन्ही वेळा भाऊंनी दार उघडून विचारलं, "काय रे?" आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे फ्यूजची तार आहे का?" भाऊंनी तिन्ही वेळा तार दिली.

"अगं, तुझ्या त्या तारवाल्याला सांग," रखमावहिनी अस्मिताला म्हणाल्या, "घरात आता तार उरली नाही. आता तरी बोल म्हणावं!"

जयंतीच्या दिवशी दुपारी मुकेशनं कलिंगडाच्या सरबताच्या स्टॉलवर हात सैल सोडला. चार वाजता पोशाख चढवला आणि सव्वाचारला तो पोट धरून, चंदेरी बूट दाणदाण वाजवत घराकडे पळाला. परत आलाच नाही. पोशाख तेवढा परत आला आणि त्याच्यासोबत निरोप: "माझ्या भरवशावर राहू नका."

ट्रक तयार, बँड तयार, आणि चंद्र रिकामा. मुकेशच्या मापाच्या पोशाखात शिरेल असा माणूस शोधत भाऊंची नजर सगळ्यांवरून फिरली. धर्मराजच्या पोटावरून ती लगेच पुढे सरकली. शेवटी थांबली ती ट्रकखाली वायर जोडत पडलेल्या दोन लांब पायांवर.

"ए लाइटवाले, बाहेर ये!"

भाऊंनी स्वतःच्या हातानं राजरत्नची चेन लावली. स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर जार ठेवला. मग त्याला चंद्रावर चढवून अस्मिताचा हात त्याच्या हातात दिला. राजरत्ननं तो विजेच्या उघड्या तारेसारखा दोन बोटांत धरला.

"हे काय? घट्ट धर!" भाऊ ओरडले. "चंद्रावरून पडली तर? अजून घट्ट! हां. आणि मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही, समजलं?"

जारमधून घुमत आवाज आला, "समजलं, काका."

रखमावहिनींनी तोंडाला पदर लावला आणि त्या भिंतीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

ढोल वाजले, ट्रक निघाला. गल्लीच्या टोकाला आमच्याच मंडळाची स्वागत कमान होती. ट्रक तिच्याखाली आला आणि कडकड आवाज झाला. रॉकेटचं टोक कमानीत घुसलं. चूक साधी होती. भाऊंनी रॉकेटची उंची पट्टीनं मोजली होती, कमानीचीही मोजली होती. पण रॉकेट मोजलं होतं जमिनीवर, आणि आता ते उभं होतं ट्रकवर.

रॉकेट कललं, शिडी कलली, चंद्र डुगडुगला. बायका ओरडल्या, "अगं, उडी मार!" भाऊ ओरडले, "हलू नका!" आणि त्याच क्षणी जारमधून तिसरा आवाज आला, "कमानीची लाइट बंद करा! वायर पत्र्याला लागतेय!"

चित्र बोललं होतं. भाऊ क्षणभर लालबुंद झाले. मग त्यांनी वर पाहिलं, रॉकेटच्या पत्र्याला टेकलेली वायर पाहिली, आणि धावत जाऊन स्वतः मेन स्विच पाडला. जनरेटरही बंद केला. कमान विझली, तारे विझले. वर पाहिलं तर राजरत्न हलला नव्हता. ओरडताना त्यानं फक्त तोंड वापरलं होतं. हात जिथल्या तिथे, घट्ट.

बँडला मागे काय झालं ते कळलंच नाही. तो वाजत पुढे निघून गेला आणि त्याच्यामागून सगळी गर्दीही. माणसं बांबू शोधायला पांगली. त्या वाकड्या चंद्रावर, विझलेल्या ताऱ्यांत, ती दोघंच राहिली. खाली चाकापाशी मी आणि रखमावहिनी.

"रविवारी तो येतोय," अस्मिताचा जार म्हणाला.

"माहितेय."

"मग?"

"मग काय? हलू नका म्हणालेत."

"बोलू नका असंही म्हणालेत. बोललास ना मगाशी?"

"ते वायरसाठी."

"म्हणजे मी वायरपेक्षा कमी?"

मग राजरत्न हळूच म्हणाला, "नाकाला खाज येतेय गं."

"मला रडायला येतंय आणि तुला खाज?" आणि ती हसायलाच लागली. जारमध्ये हसू असं घुमलं की रखमावहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही काही ऐकलं नाही हं!"

बांबूनं रॉकेट सुटेना. कमान तोडू द्यायला भाऊ तयार नव्हते. मग बनूबाई, ज्या मिरवणुकीत बाकी काही करत नाहीत, फक्त सगळ्यांना नावं ठेवतात, त्या म्हणाल्या, "अरे, मुंबईच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा आपली सगळी गल्ली बसल्यावर ट्रक कसा खाली बसला होता? बसा की!"

आणि सगळी गल्ली चढली! पोरं, बायका, लेझीमवाले, कावळेवाला धर्मराज, दोन पाहुणे, सरबतवाला भांड्यासकट. कोणी केबिनवर, कोणी फळीवर, कोणी नुसतं लोंबकळत. भाऊ खालून ओरडत होते, "चंद्राला हात लावायचा नाही! चंद्राचा रंग ओला आहे!" बनूबाईंना वर ओढायला चौघं लागले, आणि त्या टेकल्या तसा ट्रक कुरकुरत खाली बसला. रॉकेट कमानीतून सुटलं, ड्रायव्हरनं गाडी इंच इंच पुढे काढली. कोणीतरी जनरेटर चालू केला आणि अख्ख्या बुवापाड्याच्या डोक्यावर एकदम तारे पेटले. जो ओरडा झाला तो बदलापूरला ऐकू गेला असेल.

चौकात आम्ही सगळ्यात शेवटी पोहोचलो. रॉकेटची चोच मोडलेली, पण दोन अंतराळवीर जसेच्या तसे. सूत्रसंचालकाला मागची हकिकत कळली होती. तो माईकवर म्हणाला, "कमान आडवी आली, रॉकेट कललं, पण या जोडीनं एकमेकांचा हात सोडला नाही! टाळ्या!" सगळा चौक कडाडला. भाऊंच्या कपाळावर मात्र पहिल्यांदाच एक आठी पडली. "जोडी" हा शब्द त्यांनी मापात धरला नव्हता.

ट्रक बाजूला लागला. भाऊ चंद्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सुटा!"

कोणी सुटलं नाही.

"अरे, सुटा म्हटलं ना! झालं!"

"पप्पा," अस्मिता म्हणाली, "नाही सोडत."

भाऊंच्या चित्ररथाच्या इतिहासात 'सुटा' हा हुकूम मोडण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी राजरत्नकडे पाहिलं. जारला आतून इतकी वाफ धरली होती की चेहरा दिसतच नव्हता. कदाचित म्हणूनच त्याला धीर आला असेल.

"काका, मी तिन्ही वेळा फ्यूजची तार मागायला आलो नव्हतो."

आम्ही सगळे श्वास रोखून चित्र झालो. भाऊ म्हणाले, "पर्मनंट आहेस?"

"नाही, काका."

"मग?"

उत्तर रखमावहिनींनी दिलं. "अहो, अजून घट्ट धर म्हणालं कोण? मी सांगितल्याशिवाय सोडू नकोस म्हणालं कोण? पोरगं मरता मरता वाचलं, पण तुमचा शब्द सोडला नाही त्यानं. बँकेतला धरेल असा?"

भाऊंनी मोजपट्टी काढली, उगाच उघडली, उगाच मिटली. वर चढले. राजरत्नच्या डोक्यावरचा जार दोन्ही हातांनी उचलला. आतलं घामेघूम तोंड नीट पाहून घेतलं.

"नाक खाजव आधी," ते म्हणाले. "किती वळवळतंय ते."

राजरत्ननं नाक खाजवलं, पण डाव्या हातानं. उजवा तसाच होता.

भाऊंना खोटं बोलता येत नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या मुलाच्या वडिलांना त्यांनी स्वतः फोन लावला. आम्ही सगळे दारात.

"जय भीम. रविवारचं रहित करा. मुलीचं ठरलं... हो, कालच... नाही, नाही, घरी नाही, चंद्रावर... चंद्रावर म्हणजे ट्रकवर हो!... हो, मीच लावून दिलं. फक्त तेव्हा मला माहीत नव्हतं."