एक दिवस तिचा, एक दिवस माझा

दादाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "वच्छला गेली," एवढंच म्हणाला. माझी वहिनी क्षयानं जाणार, हे आम्हाला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. तिच्यावर औषधं का चालली नाहीत, हे मात्र तिला, माझ्या आईला आणि मलाच ठाऊक होतं. आई तिच्या आधीच गेली. आता उरले मी...

सावली गावाजवळ तलावाच्या काठी आमचं घर. दादा माजरीला कोळशाच्या कामावर, सणावारालाच यायचा. वहिनी तलावातली मासोळी टोपल्यात घेऊन बाजारात बसायची. कुणी मासोळी शिळी आहे म्हणालं की, "मासोळी ताजीच हाय भाऊ, तुमचा चष्मा शिळा हाय," असं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगायची. गिऱ्हाईक हसत हसत घेऊन जायचं. ती बाजारातून यायची वाट मी लहान पोरीसारखी पाहायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वहिनी खोकायला लागली, दवाखान्यात तपासणी झाली, क्षय निघाला. तेव्हा महिनाभराच्या गोळ्या एकदम घरी देत. दोन महिन्यांनी मीही खोकू लागले. संध्याकाळी अंग तापायचं, एकदा थुंकीत रक्त दिसलं. त्याच वेळी अहेरीच्या जंगल खात्यातल्या एका मुलाशी माझं लग्न ठरत होतं. दवाखान्यात नाव लागलं की तिथला माणूस चौकशीला घरी येतो, मग गावाला कळतं, मग सोयऱ्यांना. आईनं दार लोटून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवून वहिनीला म्हणाली, "एक दिवस तू खा, एक दिवस हे खाईल. लगन होऊन जाऊ दे."

वहिनीला कुणी विचारलं नाही, चालेल का म्हणून. मीसुद्धा नाही. तिनं तिची लाल कॅप्सूल माझ्या हातावर ठेवली नि म्हणाली, "घ्या बाई, हळदीच्या आधी हे लागू द्या अंगाले." त्या गोळ्यांनी लघवी लाल व्हायची. माझ्या दिवशी मी बांधापलीकडे जायची, कुणी पाहू नये म्हणून. ती मागून ओरडायची, "सांभाळून, तलाव रंगवसान!" आम्ही दोघी हसायचो. आम्हाला वाटलं, औषध अर्धं झालं तर बरं व्हायला दुप्पट वेळ लागेल, एवढंच. रोग त्या औषधाला सरावतो, मग त्याला जुमानत नाही, हे कुठं माहीत होतं... पण माहीत नव्हतं म्हणून मी सुटत नाही. गोळ्या तिच्या होत्या, एवढं तर कळत होतं.

माझा खोकला थांबला. माझाच का, कुणास ठाऊक. लग्न झालं, मी अहेरीला गेले. वहिनीचा खोकला दबला, पुन्हा उसळला. पुन्हा गोळ्या, इंजेक्शनं, पुन्हा तेच. काही वर्षांनी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा मी आणि माझे यजमान सोबत होतो. थुंकी बाहेरगावी तपासून आली होती. डॉक्टर म्हणाले, "मुख्य औषधं हिच्यावर चालतच नाहीत. आधी गोळ्या मध्येच सोडल्या होत्या ना?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या यजमानांकडे. "हो साहेब," ती म्हणाली, "कंटाळा आला होता."

डॉक्टर तिला भरल्या खोलीत खूप बोलले. तुम्ही लोक असेच, जिवाची किंमत नाही. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी तिच्या शेजारी, तिची पिशवी धरून उभी होते. तोंड उघडलं नाही. परत येताना एसटीत मला रडू आलं, तर कानाशी म्हणाली, "काऊन रडून राह्यल्या बाई? तुमचा घरवाला पाहून राह्यला ना."

त्यानंतर घरात, गावात तेच ठरलं... वच्छलानं गोळ्या सोडल्या. तिची मुलगी रंजूही तेच ऐकत मोठी झाली. तेरवीच्या दिवशी पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "आई कुणाचं ऐकतच नव्हती, आत्या. निस्त्या गोळ्या खाल्ल्या असत्या त आज असती. माह्यासाठी तरी खायच्या होत्या." तिच्या आवाजात दुःखापेक्षा राग जास्त होता.

रंजू, मी आणि माझे यजमान छपरीत बसलो होतो, जिथं वहिनीनं शेवटची वर्षं काढली. तिचं वेगळं ठेवलेलं ताट अजून तिथंच कोनाड्यात होतं. मी ते घेतलं, भात वाढून घेतला आणि जेवायला बसले.

"तू काय करून राह्यली?" यजमान म्हणाले. "ते तिचं ताट हाय."

"माझंही तेव्हा वेगळं ठेवायला पाहिजे होतं," मी म्हणाले. आणि एकेक करत सगळं सांगितलं, रंजूकडे पाहून.

यजमान उठून बाहेर गेले. आमच्यात अजून नीट बोलणं नाही; ते माझं मी पाहीन. रंजू माझं जेवण होईपर्यंत बसून राहिली. मग तिनं ते ताट उचललं, घासलं आणि आत नेऊन फळीवर, घरातल्या सगळ्या ताटांमध्ये ठेवलं.