मोटारीतल्या रेडिओची कुंई

तारीख निजामी फसली सनाची: अठ्ठावीस आजूर, १३४९, म्हणजे इंग्रजी १९३९ च्या नोव्हेंबरची सुरुवात. रक्कम पंचेचाळीस रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यात. हजर माणसं चार: मी, माझे काका, आमचा ड्रायव्हर आणि हैदराबादच्या दुकानातून आलेला रेडिओचा कारागीर. पेडगावला आमच्या गोठ्यापुढं मोटार उभी होती आणि आम्ही तिच्याभोवती.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी याच कारागिरानं मोटारीत रेडिओ बसवून दिला होता. इंजिन चालू केलं की गाण्याच्या मागं कुंई सुरू व्हायची, आणि वेग वाढवला की ती चढत जायची. निरोप धाडल्यावर कारागीर पुन्हा आला. पाच मिनिटं पाहून म्हणाला, "सेट कुणीतरी खोललाय. हैदराबादला न्यावा लागेल. पंचेचाळीस होतील."

काका लगेच ड्रायव्हरकडं वळले. तो मेंढरं राखणाऱ्या घरातला. मोटार आमच्याकडंच शिकला. पगार महिना अठरा.

"मेंढरं हाकणाऱ्याच्या हाती मोटार दिली, आता रेडिओ बी भादरायलाय," काका म्हणाले, आणि मग मला, "पगारातून काप, अन् उद्यापासून येऊ नको म्हण त्याला."

"मालक, म्या हात लावला न्हाई. बिरोबाची आण हाय," ड्रायव्हर मला म्हणाला.

पंचेचाळीस म्हणजे त्याचा अडीच महिन्यांचा पगार, आणि वर नोकरी गेलेली. मी म्हणालो, "आवाज कुठून येतो हे कळेपर्यंत एक पैसा कापला जाणार नाही. आणि तो उद्या येईल."

"तू कधीपासून कारागीर झालास?" काकांनी विचारलं.

"झालो नाही. पण एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायला कारागीर व्हावं लागत नाही."

इंजिन बंद करायला लावलं. रेडिओ स्वच्छ वाजला. "सेट बिघडला असता तर आत्ताही कुंई आली असती ना?" मी कारागिराला विचारलं. इंजिन चालू केलं, कुंई आली. एरियलची तार काढली. गाणं गेलं, कुंई राहिली. म्हणजे ती हवेतून येत नव्हती, मोटारीच्याच तारांतून येत होती. मग तारेचा एक लांब तुकडा घेतला, एक टोक सेटच्या पत्र्याला लावलं, दुसरं थेट बॅटरीच्या त्या खुंटीला, जिची तार मोटारीच्या लोखंडाला जोडलेली असते. कुंई थांबली. तार काढली, आली. लावली, गेली. असं मी चार वेळा केलं, म्हणजे कुणाला योगायोग म्हणायला जागा राहू नये.

आता पाहायचा उरला एकच बोल्ट, ज्यानं सेटची तार मोटारीच्या लोखंडाला आवळली होती. तो उघडला. खाली लोखंड दिसलंच नाही. दसऱ्याला तेलात कालवून लावलेल्या शेंदराचा जाड थर होता, वाळून कडक झालेला. तार शेंदरावर बसवली होती, लोखंडाशी तिचा धड स्पर्शच नव्हता.

"हे खरवडून का नाही बसवलं?" मी विचारलं.

कारागिरानं मान खाली घातली. "मी खरवडायला घेतलं होतं. मोठ्या मालकांनी नको म्हटलं. देवाचं आहे म्हणाले."

दसऱ्याला मोटारीची पूजा काकांनीच केली होती. म्हणजे सगळं ठाऊक असून कारागिरानं काकांपुढं बोलण्यापेक्षा ड्रायव्हरवर ढकललं होतं.

मी कानस मागितली. ड्रायव्हर हलला नाही. त्याचीही श्रद्धा होती.

"हात लावशील तर बघ," काका म्हणाले. "दसऱ्याचा शेंदूर हाय तो."

"तुम्ही लावला, मी काढतो, काका. दुसरीकडं हवा तेवढा लावा. रुपयाएवढी जागा मला कोरी पाहिजे. देव तेवढ्यानं रागावला तर माझ्यावर रागावेल, या ड्रायव्हरवर नाही."

कारागिराच्या पेटीतली कानस मीच घेतली आणि खरवडलं. लोखंड चकाकेपर्यंत घासलं, तार आवळली, इंजिन चालू करायला लावलं. वेग वाढवला. नुसतं गाणं. काका घरात गेले आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मीही आधी बोललो नाही.

पंचेचाळीस रुपये कुणालाच दिले नाहीत. कारागिराला हैदराबादपर्यंतचं परतीचं भाडं दिलं, मजुरी दिली नाही. आणि त्याच दिवशी, महिना संपायला दोन दिवस असताना, ड्रायव्हरच्या हातावर पूर्ण अठरा रुपये मोजले, काकांना दिसेल असे, ओसरीवर.