डावीकडं वढणारी गाडी

“गुरुजी, हात सोडा म्हणायलो मी. स्टेरिंगवरचा.”

“सोडला तर गाडी रस्ता सोडती की.”

“त्येच बघायचंय.”

शिवशंकर गुरुजींनी हात सोडला. लातूरच्या रिंग रोडवर गाडी थोडी सरळ चालली, मग तहानलेलं जनावर हौदाकडं वळावं तशी डावीकडं कलली. शेजारी बसलेल्या मलप्पा मिस्त्रीनं स्टेरिंग धरून तिला जाग्यावर आणलं.

“कवापासून वढायली?”

“दिवाळीपासून. रस्ताच तिरका आसंल म्हणलो.”

“जळकोटपासून लातूरपर्यंत?”

मागच्या सीटवर गुरुजींची लेक सत्यशीला पुस्तकात तोंड घालून हसली. दोन वर्षं ती लातुरात खोली करून क्लासला होती, अन् गुरुजी दर रविवारी जळकोटहून डबा, पीठ, धुतलेले कपडे घेऊन यायचे. उद्या तिची डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा, केंद्र नांदेडला. दिवस मावळायच्या आत नांदेड गाठायचं होतं.

दुकानात मलप्पानं गाडी वर उचलली, डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. खटखट वाजलं.

“उसाच्या ट्राल्या आल्या की गाडी डांबराच्या खाली घेता न्हवं?”

“घ्यावीच लागती. त्ये कुठं सरकतेत?”

“चढता-उतरता हाणून घेतलंय हे चाक. सांधा ढिला हाय. टायर आतून झिजलाय.”

“चाकं सरळ करायचं मशीन लावा, पडद्यावरचे आकडे हिरवे करा, जाऊ द्या आमाला.”

“हिरवे करतो की. पयल्या खड्ड्यापर्यंत राहतेल. आधी सांधा, मग म्होरचे दोनी टायर, मग मशीन. दोन घंटे.”

“माझ्यापाशी न्हाईत दोन घंटे. रिंग रोडला धा दुकानं हायत, मलप्पा.”

“हायत. हिरवं करून देतेल.”

मलप्पा औशाकडचा. भूकंपाच्या आधी वर्षभर त्यांच्या गावाला बारीक हादरे बसायचे. पहिल्यांदा लोक पटांगणात निजले, मग सवय झाली, घरात निजायला लागले. आई भ्यायची. “काय होत न्हाई, नीज,” असं सांगून हा मुरुडला टायरच्या दुकानात कामाला गेला. गणपती बुडवले त्याच रात्री भूकंप झाला; तो मुरुडलाच झोपला होता, म्हणून वाचला. आई दगडमातीखाली गेली. मुरुडला त्यानं चाकं दोरी लावून सरळ करायची विद्या घेतली. लातुरात क्लास वाढले, गाड्या वाढल्या, तवा पंचेचाळिशीत तो मशीन शिकला. पण “काय होत न्हाई” हे गिऱ्हाइकाला त्यानं कधी म्हणलं न्हाई.

त्यानं गुरुजींचा पंजा धरला अन् टायरच्या आतल्या बाजूवरून हळूच फिरवला. गुरुजींनी हात झटकन मागं घेतला. बोटाला तार टोचली होती, रक्ताचा ठिपका आला होता.

“ही तार म्हंजी टायर संपला,” मलप्पा म्हणाला. “आन् मागं बसनार कोन?”

गुरुजी बोट चोखत उभे राहिले. सत्यशीला दार उघडून खाली उतरली.

“पप्पा, थांबू. मी हितंच वाचते. अन् दर रविवारी तुमचा उजवा खांदा दुखतो ना, वय झालं म्हणता. गाडी धरून ठेवता म्हणून दुखतो.”

“तुझी आई म्हणती वजन वाढलंय.”

“ते पण हाय.”

मलप्पानं तिला सावलीत खुर्ची दिली, वर फॅन लावला. “माय, आवाज हुईल, मन लावून वाच.” तरी हातोडा मारायच्या आधी तो दर वेळी तिच्याकडं बघायचा, अन् तिनं मान हलवली की मारायचा.

दोन घंट्यांचे अडीच झाले. नवे टायर बसले, मशीनवरचे आकडे जुळले. परत रिंग रोड. गुरुजींचे हात स्टेरिंगच्या वर वीतभर हवेत थांबले, कडेवरनं उतरवलेलं लेकरू चालायला लागल्यावर थांबतेत तसे. गाडी सरळ गेली.

“आता ट्राली आली तर?” गुरुजींनी विचारलं.

“उलीसं आधी थांबा. तिला जाऊ द्या. वाघ न्हाई मागं लागला.”

मलप्पाला दुकानाशी उतरवून गाडी नांदेडकडं लागली. तो वळणापर्यंत तिची चाकं बघत उभा होता. दुकानातून हाक आली. नायगावची जीप कधीची ताटकळत होती. हात पुसत तो तिच्याखाली शिरला.