वळसंगचा हुरडा आणि माझी व्याख्या

माजी विद्यार्थी कोणाला म्हणावं याची व्याख्या मी स्वतः केली, आणि त्या व्याख्येत माझी बायको बसली नाही.

तशी व्याख्या वाईट नव्हती. सत्तर सालानंतरचा तो मोठा दुष्काळ सरून रानं पुन्हा पिकायला लागली होती. लोकांना जरा हसावं-खेळावंसं वाटत होतं. अशात आमच्या सोलापूरच्या कॉलेजच्या जुन्या पोरांनी शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा मेळावा भरवायचं ठरवलं, आणि आखणीची जबाबदारी माझ्यावर आली. (आली कसली, मी धावत जाऊन घेतली! विम्याच्या ऑफिसातल्या कारकुनाला 'कार्यवाह' म्हणणारं दुसरं कोण भेटणार?) बैठका भवानी पेठेत आमच्याच घरी. एका खोलीत आमची समिती, दुसऱ्या खोलीत माझी बायको शालन आणि चहाचं आधण.

अध्यक्ष होता भालू वकील, माझा बाकावरचा सोबती. कार्यक्रमांवर आमची अशी चर्चा व्हायची, की विधानसभेनं शिकून जावं.

"पोत्यातली शर्यत ठेवू," मी म्हणालो.

"आपली पोटं आता पोत्यात मावायची नाहीत," भालू म्हणाला.

"मग लिंबू-चमचा?"

"लिंबू पडलं तर वाकणार कोण?"

शेवटी शनिवारी जुन्या वर्गात बसून गप्पा आणि फिशपाँड, आणि रविवारी कुठल्या तरी रानात हुरडा पार्टी, असं ठरलं. रविवारीच सगळ्यांचा मिळून एक फोटो. एवढं झालं आणि भालूनं आवाज खाली आणला, "पण गज्याचं काय करायचं?"

गज्या हा आमच्या कॉलेजचा चिरंजीव विद्यार्थी. आम्ही आलो तेव्हा तो होता, आम्ही निघालो तेव्हाही होता. मनानं फार चांगला, पण त्याच्या हातात माईक गेला की तो माईकला आणि माईक त्याला सोडत नसे. त्याला टाळायचं तर कसं? तेव्हा मी उठलो, घसा साफ केला आणि ठराव मांडला: ज्यानं या कॉलेजातून पदवी घेतली तोच माजी विद्यार्थी. त्यालाच बिल्ला आणि त्यालाच फोटोत जागा!

"वा! कायद्यात बसतंय!" भालू म्हणाला. सगळ्यांचे हात वर झाले. ठराव एकमतानं पास.

मी खुशीत मान वळवली, तर दारात शालन. हातात चहाचा ट्रे.

आता शालनचं सांगायला हवं. शालन त्याच कॉलेजातली. माझ्याहून चार वर्षं मागं. वळसंगहून मावशीकडं येऊन राहिली, तीन वर्षं शिकली, आणि शेवटचं वर्ष तेवढं राहिलं. कारण वडिलांना चांगलं स्थळ सापडलं. (ते स्थळ म्हणजे मी. 'चांगलं' हा शब्द सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या मामांचा.) "पुढं शिकू की लग्नानंतर," असं मीच तेव्हा म्हटलेलं. मग पोरं झाली, बदली झाली, बदली रद्द झाली, आणि ते 'पुढं' पुढंच राहिलं.

तिनं एकेकाला कप दिला आणि आत गेली. मी पहिला घोट घेतला. चहात साखर नव्हती. चिमूटभरसुद्धा नाही! समितीनं एकमेकांकडं पाहिलं.

"वहिनी, चहा फक्कड!" भालू ओरडला आणि औषध घ्यावं तसा कप रिकामा केला.

सगळे गेल्यावर शालननं विचारलं, "मग मेळाव्यात मी कोण?"

"तू? अगं, तू तर यजमानीण!"

"बरं," ती म्हणाली.

भांडली असती तर मी भांडलो असतो, त्याची मला चांगली सवय होती. 'बरं'ला काय उत्तर द्यायचं? रात्रीची आमटी अळणी झाली तेव्हाही मी 'छान आहे' म्हणालो. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ठराव पास झाला होता, आणि स्वतःचाच ठराव बायकोसाठी फिरवला तर लोक काय म्हणतील, या भीतीनं मी गप्प बसलो. दोन दिवसांनी भालू धापा टाकत आला आणि म्हणाला, "घोटाळा झाला! गज्या पास झालाय!"

"काय?"

"गेल्या साली सुटला म्हणे. बी.ए.! पेढे वाटत फिरतोय."

म्हणजे माझ्या नियमानं साऱ्या सोलापूर जिल्ह्यात अडवलं कुणाला, तर एकट्या माझ्या बायकोला!

त्यात रविवारच्या हुरड्याला रान मिळेना. समितीत एकाचाही पाय मातीत नाही. भालू म्हणाला, "अरे, तुझी सासुरवाडी वळसंगची की!" आणि मी, निर्लज्जपणे, शालनकडं गेलो.

"मामांना सांगशील का? आमची मंडळी यायची म्हणतायत."

"सांगते," ती म्हणाली. तिनं काय सांगितलं हे मी विचारलं नाही. तिथंच चुकलं.

शनिवार झकास पार पडला. छातीवर रेशमी फितीचे बिल्ले लावून आम्ही मिरवलो. गज्यानं माईक घेतला आणि दुपारचं जेवण संध्याकाळी झालं. शालन सकाळीच वळसंगला गेली होती. रविवारसाठी मी सायक्लोस्टाईल केलेली कार्यक्रमपत्रिका वाटली: आगमन, हुरडा, प्राचार्यांचं भाषण, आभार, फोटो, आणि दुपारच्या जेवणाला सोलापुरात परत. आमचे जुने प्राचार्य खास पुण्याहून आले होते. ती पत्रिका वाचून ते म्हणाले, "वा, कोणीतरी शिस्तीचा माणूस दिसतोय." मी खाकरलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

रविवारी यष्टीची खास गाडी वळसंगच्या शिवेवर पोचली आणि थांबली. पुढं हलगी! हलगीच्या पुढं पोरंटोरं, मागं सगळी भावकी, आणि मधोमध माझे सासरे, नवा पटका बांधून.

"या, या! लई वाट बघितली की," मामा म्हणाले आणि प्राचार्यांचा हात धरूनच चालायला लागले.

मी भालूच्या कानात म्हणालो, "आमच्या सासुरवाडीला जावयाचा मान म्हणजे काय असतो, बघून ठेव."

"मामा, रान इकडं ना?" मी विचारलं.

"रान कुटं पळून जातंय व्हय? आदी च्या घ्या."

चहा घेतला. साखर अशी, की ओठ चिकटले. उठलो, तर शेजारचे चुलत सासरे दारात उभे. "आता आमच्याकडं."

"अहो, आत्ताच झाला."

मामांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, एकाच्यात च्या घेतला आन् दुसऱ्याच्यात न्हाय, तर वरीसभर बांदावर भांडान चालंल. भावकी हाय."

"भावकी किती मोठी आहे?"

"लई न्हाय," मामा म्हणाले. "ही आळी आन् पलीकडची आळी."

मग आमची वरात निघाली. घर आलं की जोडे काढायचे, घोंगडीवर बसायचं, बशीतून चहा ओतायचा, जोडे शोधायचे, पुढचं घर. भालू वकील, ज्यानं भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला, तो पाचव्या घरी हात जोडून म्हणाला, "काकू, अर्धा कप!" काकूंनी अर्धा कप दिला, आणि तो संपल्यावर उरलेला अर्धा. प्राचार्यांना साखर चालत नाही असं मी जाहीर केलं, तर त्यांना घरोघरी म्हशीचं दूध मिळायला लागलं. एकटा गज्या खूश होता. प्रत्येक घरी त्यानं आभाराचं भाषण केलं.

बरं, नुसता चहा नाही. शेवटच्या घरी सगळ्यांना ओळीनं बसवून कपाळाला गंध, हातात नारळ, डोक्याला पांढरी टोपी आणि खांद्यावर टॉवेल! वकील, डॉक्टर, तालुक्याचे साहेब, सगळे टोप्या घालून लग्नातल्या व्याह्यांसारखे बसले. बायकांना खण-नारळ. मी ओळीच्या टोकाला मान पुढं करून बसलो होतो. मामा शेजाऱ्यापर्यंत आले आणि थांबले.

"तुमी घरचंच की, जावईबापू. टोप्या कमी पडल्या. मागनं बगू."

आणि जाताना नारळांचं पोतं माझ्या खांद्यावर दिलं.

रानात पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. शालन तिथं चुलत्या-मावश्यांबरोबर बसलेली. समोर शेंगाची चटणी, गूळ, गाडग्यात दही. आगटी रचून तयार होती, पण गोवऱ्या पेटेनात.

"कागद हाय का कुणाकडं?" मामांनी विचारलं.

बोलेपर्यंत भालूनं खिशातली कार्यक्रमपत्रिका काढून दिली. मग दुसऱ्यानं दिली, तिसऱ्यानं दिली. माझी सगळी शिस्त भुर्रकन पेटली. अशी आगटी लागली म्हणता!

पण काय तो हुरडा! कणसं भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून समोर येणारे ते हिरवे कोवळे दाणे. चहानं तुडुंब भरलेली पोटं कुठं गेली कळलं नाही. प्राचार्य टोपी मागं सरकवून म्हणाले, "आणखी आण रे." ते मला म्हणाले. मी आणला.

फोटोग्राफरनं तिपाई मांडली, तेव्हा मामा उभे राहिले. असा माणूस, की ग्रामपंचायतीत तोंड उघडत नसे. पटका सारखा करत म्हणाले, "मला भाषान येत न्हाय. आमच्या गावातनं कालेजात गेलेली पैली पोरगी माजी. लोकं म्हनली, पोरीला शिकवून काय करतो. आज तिचं कालेज हितं आलं. सगळ्या गावानं बगितलं. तुमी आला, लई झालं."

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती हलगी, तो चहा, त्या टोप्या, काहीच माझ्यासाठी नव्हतं! जावयाचे दोस्त आलेत हे त्या गावात कुणाला माहीतच नव्हतं. आलं होतं ते शालनचं कॉलेज.

मामांची नजर आता आमच्या छातीवरून फिरायला लागली. सगळ्यांना रेशमी फिती. मग ती शालनवर थांबली.

"पोरी, तुजा बिल्ला कुटं हाय?"

भालू टोपीशी चाळा करायला लागला. गज्यासुद्धा गप्प झाला, आयुष्यात पहिल्यांदा! मला वाटलं, भुई दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, नारळांच्या पोत्यासकट. कारण मामांना खरं कळलं असतं, तर त्या पटक्याखालचा चेहरा मला जन्मात बघवला नसता.

शालन माझ्याकडं बघून म्हणाली, "काढून ठेवलाय, आबा. राखेनं खराब होईल म्हणून. ह्यांच्याकडं दिलाय."

तिनं मला वाचवलं. ज्याला बुडवायला हवं होतं त्याला! मला रडूच यायचं होतं, पण वेळ नव्हता. "हो हो, हा काय!" म्हणत मी स्वतःचा बिल्ला ओढायला लागलो. टाचणी निघेना. बोटं राखेनं काळी. शेवटी बिल्ला निघाला, सदऱ्याचा तुकडा घेऊन. तो तिच्या पदराला लावताना माझ्या अंगठ्यात टाचणी घुसली.

"हळू," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

प्राचार्य पुढं झाले. "थांब, तू शालन ना? पहिल्या बाकावर बसायचीस. शेवटच्या वर्षाला आली नाहीस. मी वर्गात विचारलंही होतं, ती वळसंगची मुलगी कुठं गेली म्हणून."

"लग्न झालं, सर."

"मग काय झालं? लग्न झालेल्यांना परीक्षेला बसू देत नाहीत का?" ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. डोक्यावर टोपी नाही, छातीवर बिल्ला नाही, सदरा फाटका, खांद्यावर पोतं. "आणि तुम्ही गाडीबरोबर आलात का? जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय."

भालूनं तोंडात टॉवेल कोंबला. "नियम आहे बाबा," तो म्हणाला. "ज्याला बिल्ला, त्यालाच फोटोत जागा. एकमतानं पास झालाय."

तो फोटो आजही आमच्या भिंतीवर आहे. मधोमध प्राचार्य, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला बिल्ला लावलेली शालन, मागं पांढऱ्या टोप्यांची रांग. उजव्या कडेला एक कोपर दिसतं. पाहुणे विचारतात, "तुम्ही कुठं यात?" शालन कोपरावर बोट ठेवते आणि कौतुकानं म्हणते, "हे काय, हे!"

त्या जूनमध्ये तिनं परीक्षेचा फॉर्म भरला. पोरांना आंघोळ घालत, भाकरी थापत अभ्यास केला, मला धड्यातले प्रश्न विचारायला लावले आणि माझे उच्चार सुधारले. पास झाली, माझ्याहून वरच्या वर्गात. मामांनी आख्ख्या भावकीत पेढे वाटले, आणि मला टोपी दिली.

पुढच्या मेळाव्याच्या आखणीला समितीनं कार्यवाह म्हणून शालनची निवड केली, एकमतानं. पहिली बैठक आमच्याच घरी झाली. त्या दिवशी चहा मी केला. भालूनं घोट घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि समजूतदारपणे म्हणाला, "अरे, आता कसला राग?"

राग कसला! मी खरंच साखर विसरलो होतो.