लुंग थोंगसायचा गिळलेला आवाज

लुंग थोंगसायचा आवाज ऐकला नाही असा माणूस लाओसमधल्या आमच्या थाखेकमध्ये शोधून सापडायचा नाही. एकतीस वर्षं त्याने धक्क्यावर उभं राहून नावेत माणसं भरली. "पुढे सरका! कोंबडी मांडीवर घ्या, कोंबडीला वेगळी जागा नाही!" अशी आरोळी निघाली की मेकाँगपल्याडची, थायलंडातली माणसंसुद्धा उगाच पुढे सरकतात, असं आम्ही म्हणायचो. पुढे पूल झाला, नावा कमी झाल्या, आणि लुंग घराखाली सावलीत बसून चिकट भाताच्या बांबूच्या टोपल्या विणायला लागला. आवाज मात्र धक्क्यावरचाच राहिला. पाणी मागितलं तरी भांडण लागल्यासारखं वाटायचं.

लुंग म्हणजे मोठा काका. मी त्याच्याहून चारच वर्षांनी लहान, पण सगळं गाव म्हणतं म्हणून मीही लुंगच म्हणते. माझं नाव चानथी. मी बायकांचे सिन, म्हणजे कमरेला गुंडाळायचे घागरे, शिवते, आणि माझं घर त्याच्या घराला खेटून आहे. चाळीस वर्षं तो आवाज ऐकत मी मशीन चालवलं, त्यात दोनदा सुई बोटात गेली. दोन्ही वेळा त्यानेच मला दवाखान्यात नेलं, आणि वाटभर ओरडून सगळ्या रस्त्याला माझी हकिकत सांगितली.

असा माणूस कुत्र्याच्या नादी कसा लागला, ते ऐका. पी माय, म्हणजे आमचं नवीन वर्ष, नुकतं सरलं होतं. गावाबाहेर जनावरांची डॉक्टर विलायवन भटक्या, मारझोड झालेल्या कुत्र्यांना सांभाळते. लुंग तिथे जुनी गोणपाटं द्यायला गेला. तीसेक कुत्री एकदम भुंकायला लागली. लुंगला वाटलं, आपण काय कमी आहोत? त्याने एकच "गप्प!" ठोकला. सगळी चिडीचूप. कोपऱ्यात एक तांबूस कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता, तो मात्र जागच्या जागी मुतला.

घरी आल्यावर लुंग जेवला नाही. "चानथी," तो म्हणाला, "माझ्या आवाजाने लोक हसलेत, चिडलेत, तुझ्या बोटात सुई गेलीय. पण मुतलं नव्हतं कुणी."

"कुत्रा आहे तो. मुततोच."

"तसं नव्हतं ते," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तो कुत्रा घेऊन आला. शरमेपोटी कुत्रा पाळणारा हा मी पाहिलेला पहिला माणूस.

विलायवन सोबत आली होती. पोरगी तिशीची, पण बोलणं सरळ तोंडावर. "लुंग, या कुत्र्याला तारेच्या फासाने पकडलं होतं. मानेवरचा वण बघा. दोन घरांतून परत आलाय. तीन महिने बघू. रुळला तर तुमचा. नाही रुळला, पळाला, तर मी घेऊन जाणार, आणि मग तो माझ्याकडेच म्हातारा होईल. तिसऱ्यांदा परत आलेला कुत्रा कुणी नेत नाही."

"मग करू काय मी?"

"काहीच नाही. हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही. त्याच्याकडे पाठ करून बसा. खायला ठेवा आणि विसरून जा. आणि लुंग..." तिने आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं. "आवाज."

"आवाजाचं काय?" लुंग इतक्या जोरात म्हणाला की कुत्रा तांदळाच्या रांजणामागे गडप झाला. उत्तर मिळालं होतं. लुंगने तोंडावर हात ठेवला.

नाव ठेवलं पुई. पुई म्हणजे गुबगुबीत, आणि याच्या बरगड्या तर लांबून मोजता येत होत्या. पण हाकच मारायची नाही म्हटल्यावर नावाला कोण विचारतो!

त्या दिवसापासून लुंग कुजबुजायला लागला. सुरुवातीला आम्हाला करमेना. सकाळी भिक्षू भिक्षेला येत तेव्हा तो खाणाखुणा करी. बर्फवाल्याला बोटं दाखवी. राजधानीत, व्हिएन्टियानमध्ये राहणाऱ्या लेकीला फोनवर इतकं हळू बोलला की तिला वाटलं, बापाचं काहीतरी झालं. रडत रडत बसने आली, आणि बाप घराखाली ठणठणीत बसलेला पाहून तिने त्याच्यावर असा आवाज चढवला की कुत्रा दोन दिवस बाहेर आला नाही. वडिलांचाच गळा मिळालाय पोरीला.

आमची घरं खांबांवर. खाली मोकळी सावली, वर जिना, वर माणसं राहतात. पुई त्या खालच्या सावलीत, रांजणामागे. लुंग त्याच्याकडे पाठ करून टोपली विणी. मागे मुठीएवढा भाताचा गोळा आणि भाजलेल्या माशाचा तुकडा ठेवी, आणि वळून पाहत नसे. लुंगला न बोलता बसणं म्हणजे काय शिक्षा असेल, ते मला विचारा. मान लाल व्हायची त्याची. पण महिनाभराने भात पाठीपासून दोन हातांवर खाल्ला जाऊ लागला, आणि दीड महिन्याने एका हातावर. एका दुपारी लुंगने मला कुंपणाकडे बोलावलं आणि कुजबुजला, "आज त्याने माझ्या शर्टाचा वास घेतला. पाठीला थंड थंड लागलं."

आनंदाने त्याचं तोंड उजळलं होतं. मी म्हटलं, "लग्न ठरल्यासारखं काय सांगतोस!" पण मलाही बरं वाटलं.

इथपर्यंत सगळं विलायवनच्या सांगण्याप्रमाणे चाललं होतं. माती खाल्ली ती मी.

दोन महिने झाले तरी पुई जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवत नव्हता. माणूस दिसला की रांजणामागे. मला वाटलं, हे डॉक्टरचं काम नाही. आमच्यात म्हणतात की शरीरात बत्तीस ख्वान, म्हणजे जिवाला राखणारे आत्मे, असतात. माणूस घाबरला, आजारी पडला, नव्या घरी गेला की त्यातले काही मागे राहतात, भटकतात. मग त्यांना बोलवायचं असतं, सू ख्वान करायचं असतं. केळीच्या पानांचा मनोरा, झेंडू, उकडलेली अंडी, भाताची दारू, मंत्र म्हणणारा जाणता, आणि मग सगळ्यांनी मनगटाला पांढरे दोरे बांधायचे. नवी सून आली की करतो, बाळ झालं की करतो. कुत्र्याला का नाही?

"लुंग, याचे ख्वान त्या तारेपाशीच राहिलेत," मी म्हटलं. "तू नुसता पाठ करून बसलायस. बोलाव त्यांना."

त्याने हातातली टोपली खाली ठेवली. मग कुजबुजला, "करू या. मला काहीतरी करायचंय ग, चानथी. नुसतं बसून जीव जातो."

विलायवनला विचारायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सू ख्वान करायला कोण डॉक्टरला विचारतो?

रविवारी सकाळी वीसेक माणसं जमली. मी स्वतः केळीची पानं दुमडली, झेंडू ओवले. भाजलेल्या कोंबडीच्या वासाने पुई रांजणामागून पुढे आला, हळूहळू आमच्या मधे आला, आणि चटईच्या काठावर बसलासुद्धा. मला वाटलं, बघा, आले ख्वान! जाणत्याने मंत्र म्हटले, "या रे ख्वानांनो, रानातले या, पाण्यातले या..." मग सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे दोरे दोन्ही हातांत ताणून धरले आणि आशीर्वाद पुटपुटत त्याच्या पायाकडे सरकले. चारी बाजूंनी. वीस माणसं, वीस दोरे.

पहिला दोरा माझाच होता. त्याच्या पंजाला तो लागला आणि पुई किंचाळला. कुत्रा असा किंचाळताना मी कधी ऐकला नव्हता. मनोरा आडवा झाला, अंडी घरंगळली, जाणत्याच्या मांडीवर दारू सांडली, आणि पुई कुंपणाखालून भातशेतांकडे पसार झाला. मानेवरचा वण तेवढा दिसला मला, केस नसलेला, गुळगुळीत. तारेने धरलेल्या जनावराला आपण दोरा घेऊन घेरलं, हे तेव्हा कळलं. तिथेच जमीन फाटावी असं झालं.

सगळे ओरडायला लागले, "लुंग, हाक मार! तुझा आवाज पलीकडच्या देशात जातो, शेतात नाही जाणार?"

लुंग कुंपणाशी गेला. छाती भरून घेतली. आता आरोळी निघणार म्हणून मी कान झाकले. पण त्याने तोंड मिटलं. गळ्यातला कंठमणी वर-खाली झाला, बस्स. तो वळला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "ऐकलं तर आणखी लांब जाईल," तो म्हणाला. "सगळे घरी जा. कृपा करा."

विलायवनला फोन मी केला. माझी चूक, मीच सांगायला हवी होती. ती मला रागावली नाही, हे जास्त लागलं. "शोधायला जाऊ नका, पा चानथी," ती म्हणाली. पा म्हणजे मावशी. "त्यांचा न धुतलेला शर्ट रांजणामागे ठेवा, आणि त्यांना नेहमीच्या जागी बसवा. आला तर त्यांच्या पाठीकडेच येईल."

तीन दिवस लुंग तिथे बसला. टोपली हातात, पण विणत नव्हता. शेतांकडे पाठ. मी सूप नेऊन ठेवायची, तो दोन घोट घ्यायचा. मी म्हटलं, "लुंग, मला शिव्या तरी दे." तो म्हणाला, "शिव्या हळू देता येत नाहीत." मी घरी येऊन मशीनवर डोकं ठेवून रडले.

चौथ्या दिवशी दुपारी मी सूप घेऊन गेले, तर लुंग मला हातानेच थांबवत होता. त्याच्या पाठीला पाठ लावून, चिखलाने माखलेला पुई झोपला होता. लुंगच्या पायाला मुंग्या आल्या असणार, घाम गळत होता, पण तो हलला नाही. संध्याकाळपर्यंत.

मला वाटलं, संपलं संकट. पण विलायवन शब्दाची पक्की. जुलैच्या अखेरीला, तीन महिने पुरे झाले तेव्हा, ती गाडी घेऊन आली. गाडीत पिंजरा.

"लुंग, तुम्ही केलंत ते कुणी केलं नसतं," ती जिन्याशी उभी राहून म्हणाली. "पण तो पळाला होता. पुन्हा पळाला आणि रस्त्यावर गेला तर? अजून माणूस दिसला की लपतो. हे घर त्याला आपलं वाटत नाही. मला न्यायला हवं."

लुंगने भांडायला हवं होतं. जुना लुंग असता तर नदीपार ऐकू गेलं असतं. हा नुसता उभा. "तू म्हणालीस ते सगळं केलं मी," एवढंच म्हणाला. मी मध्ये पडले, "चूक माझी होती, त्याची शिक्षा कुत्र्याला का?" ती म्हणाली, "शिक्षा नाही हो, पा. त्याच्या जिवाची भीती वाटते मला." आणि तिने पिंजरा उतरवला. पत्र्याचं दार खणकन वाजलं.

पुई रांजणामागून बाहेर आला. त्याने पिंजरा पाहिला, विलायवनला पाहिलं, कुंपणाखालची ती फट पाहिली. फट मोकळीच होती. पण तो वळून जिन्याकडे धावला. ज्या पायरीवर कधी नख टेकवलं नव्हतं त्यावरून धडपडत, घसरत, पुन्हा चढत वर गेला. वरच्या फळ्यांवर नखांचा आवाज आला, मग दार ढकलल्याचा, मग काही नाही.

आम्ही वर गेलो. ओसरीवर चिखलाचे पंजे, आणि ते थेट आतल्या खोलीत गेलेले. ती निजायची खोली. आमच्याकडे त्या खोलीत घरातले वाडवडील असतात असं मानतात. पाहुणा तिथे पाऊल टाकत नाही, जावईसुद्धा विचारल्याशिवाय जात नाही. दाराच्या फटीतून लुंगच्या अंथरुणावर तांबडी शेपटी दिसत होती.

विलायवन उंबऱ्याशी थांबली. चपला तिने खालीच काढल्या होत्या. "लुंग," तिने हळूच विचारलं, "मी आत जाऊन आणू त्याला?"

"नाही," लुंग म्हणाला. "त्या खोलीत बाहेरचं माणूस जात नाही, लेकी."

तिने फटीतून अंथरुणावरच्या त्या शेपटीकडे पाहिलं. मग खाली गेली आणि पिंजरा पुन्हा गाडीत चढवला. तिला तो जड गेला नाही, असं मला तरी वाटलं.

मी ओसरीवरच उभी होते. चाळीस वर्षांची शेजारीण मी, पण ती खोली मी आजवर आतून पाहिलेली नाही.