रद्दीतला बंपर

पोलिसातल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत पदकंही मिळाली, पण अंधेरीतली ही केस मला त्यांच्यापेक्षा प्यारी आहे, ती अजून जशीच्या तशी आठवते.

बाजाराकडे निघालेल्या एका कोळीणबाईंना सकाळी एका गाडीने मागून उडवलं आणि ती पसार झाली. बाईंचा पाय मोडला, मासळीचा निळा क्रेट फुटला. मागून आलेल्या रिक्षावाल्याने त्यांना उचलून रुग्णालयात नेलं, आणि जमावाने त्यालाच धरलं. बाईंनी धडक देणारी गाडी पाहिली नव्हती. गुन्हा रिक्षावाल्यावर दाखल झाला, त्याचं लायसन्स आणि बॅज आमच्याकडे जमा झाले. रोज सकाळी तो ठाण्याच्या बाकावर येऊन बसे. "साहेब, धंदा बंद आहे. मी फक्त उचललं ना त्यांना."

मला त्याचं खरं वाटत होतं, पण वाटण्यावर आरोपपत्र बदलत नाही.

महिनाभराने निनावी फोन आला. अमुक सोसायटीतल्या एका साहेबांनी अपघाताच्या सुमारास घरात गाडीचा बंपर रंगवला, वासाने मजल्याचं डोकं उठलं होतं. निनावी फोनची साक्ष होत नाही. मी हवालदाराला घेऊन गेलो.

गृहस्थ एका कचेरीतले मोठे अधिकारी. "रंगवला ना, पण गणपतीच्या आधी. अपघात तर नंतरचा." मग काम कसं केलं ते त्यांनी हौसेने सांगितलं. पॉलिश पेपरने घासायचं, प्लॅस्टिकचा प्रायमर मारायचा, मग स्प्रेचे पातळ हात. खाली उतरून बंपर पाहिला. चंदेरी रंग झकास बसला होता, बोट ठेवायला जागा नव्हती. पुन्हा वर येऊन बसलो.

"खाली काय अंथरलं होतं?" मी विचारलं.

"जुने पेपर. फेकून दिले."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "फेकले कुठे? गॅलरीत रद्दीत आहेत. रद्दीवाला यायचाय अजून."

गृहस्थांचा चेहरा उतरला. मध्यमवर्गीय घरात वर्तमानपत्र फेकत नाहीत, हे साहेबांना ठाऊक नसलं तरी मला ठाऊक होतं. पंच बोलावले, गठ्ठा सोडला, चंदेरी शिंतोडे पडलेली सहा पानं हॉलमध्ये जुळवून मांडली. मधोमध बंपरचा कोरा आकार उमटला. सगळ्या पानांवर तारीख एकच, अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची.

"घाबरलो हो," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "थांबायला हवं होतं."

पुढे प्रयोगशाळेत नव्या रंगाखालच्या ओरखड्यांत निळ्या क्रेटचे कण सापडले. त्या केसने मला एक शिकवलं. माणूस पुरावा झाकताना गाडीचा विचार करतो, घराचा करत नाही. म्हणून संशयिताच्या घरी मी चहा कधी नाकारला नाही.

रिक्षावाल्याच्या हातात बॅज ठेवला, तेव्हा वर्दीचा जितका अभिमान वाटला तितका पुन्हा क्वचितच वाटला. मी विचारलं, "पुन्हा कोणी रस्त्यात पडलेलं दिसलं तर?"

त्याने बॅज शर्टाला लावला. "उचलणार साहेब. फक्त तुमचा नंबर देऊन ठेवा."